कादंबरीतली बनगरवाडी म्हणजे लेंगरेवाडी

केडगाव (ता. दौंड) : दिवाळी सरली की दौंड-शिरूरच्या शिवारात मेंढरांचे वाडे उतरतात. घोड्यावर संसार लादलेला, त्यावर कोंबड्या बांधलेल्या, मागं कुत्री. शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतो. रानाला खत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर रोख पैसे. इथल्या माणसाला यात नवल काही नाही. पण धनगराची वाडी आतून कशी असते, तिथली माणसं काय खातात, कशावरून रुसतात, गाव का सोडतात, हे घराघरांत पोचवलं ते व्यंकटेश माडगूळकर यांनी. त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 साली पुस्तकरूपानं आली.  माणदेशात विचारलं की लोक सांगतात, कादंबरीतली बनगरवाडी म्हणजे आटपाडी तालुक्यातली लेंगरेवाडी.

तात्या माडगूळकरांचा जन्म 1927 चा, त्याच तालुक्यातल्या माडगुळ्याचा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होता. वडील संस्थानात कारकून होते. घरात पोरं जास्त आणि पैसा कमी. थोरले भाऊ म्हणजे 'गीतरामायण'वाले ग. दि. माडगूळकर. मुलूख कायम दुष्काळी. माणगंगा नदी माण तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, आटपाडी-सांगोल्यातून जाते आणि पुढं पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. म्हणजे दौंडवरून वाहत जाणाऱ्या भीमेतच. फरक एवढाच, की आपल्याकडं भीमेच्या काठाला ऊस उभा राहिला आणि माणगंगा वर्षातले बरेच महिने नुसती वाळू.

तात्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं. 1942 च्या चळवळीत ते भूमिगत झाले. काही काळ प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. पगार तुटपुंजा आणि खेडं आडवळणाचं, पण पुढच्या सगळ्या लिखाणाचं बियाणं त्या दिवसांतलं आहे. चित्रकलेचा नाद लहानपणापासून होता. त्यामुळं माणूस कसा बसतो, मुंडासं कसं बांधतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

1949 साली 'माणदेशी माणसं' आलं, तेव्हा त्यांचं वय 22. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली अशी एकेका माणसाची चित्रं त्यात आहेत. त्याआधीच्या बऱ्याच गोष्टींत खेडं म्हणजे एकतर हसायचा विषय, नाहीतर हिरवंगार आणि गोड. तात्यांनी उपाशी माणूस उपाशीच दाखवला, त्याच्यावर रडायला कुणाला बसवलं नाही. भाकरी नसलेल्या घराबद्दल लिहिताना त्यांचं वाक्य आखूड होतं. हे जमायला ते घर बघितलेलं असावं लागतं.

'बनगरवाडी'त राजाराम सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर बंद पडलेली शाळा चालवायला धनगरांच्या वाडीत येतो. शाळेला पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, हळूहळू पोरं येतात. मास्तर मग नुसता मास्तर राहत नाही. लोकांची कागदपत्रं वाचतो, निरोप पोचवतो, भांडणं सोडवतो. चोऱ्यामाऱ्या करणारा आनंदा रामोशी त्याचा दोस्त होतो. शेकूकडं बैल कमी पडतो, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी जुवाला खांदा देते. ज्यानं ऐन पेरणीत बैल गमावला असेल, त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वाडी अंगमेहनतीनं तालीम बांधते आणि तिच्यासाठी थेट औंधच्या राजाला बोलावते. तो राजाही खराच म्हणायचा. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे आणि चित्रांचे मोठे भोक्ते होते. 1939 मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात गावांच्या हाती कारभार दिला.

आणि मग पाऊस पडत नाही. चारा संपतो, मेंढरं मरतात, कारभारी आधीच गेलेला असतो. एकेक घर वाडी सोडून पोटामागं निघतं. शेवटी पोरंच उरली नाहीत म्हटल्यावर मास्तराचीही बदली होते. कादंबरीत खलनायक कुणी नाही. पाऊसच नसला की माणसाला खलनायक लागत नाही.

गाव तात्यांनाही सोडावंच लागलं. आधी मुंबई, तिथं सिनेमासाठी लेखन, आणि 1955 पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रात ग्रामीण विभागाची नोकरी. तिथं ते निवृत्तीपर्यंत राहिले. पुणे जिल्ह्यात संध्याकाळी रेडिओभोवती बसून शेतीच्या गप्पा ऐकणाऱ्या जुन्या पिढीला हे माहीत असेल-नसेल, पण त्या कार्यक्रमांमागं बरीच वर्षं हा माणदेशी माणूस होता. शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं, हे पथ्य त्यांनी गोष्टीत पाळलं तसंच रेडिओवरही.

गावाविषयी त्यांनी नुसतं गोडच लिहिलं असं मात्र नाही. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर खेड्यापाड्यांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या दिवसांवर त्यांची 'वावटळ' ही कादंबरी आहे. ज्या गावानं वाढवलं त्याच गावात आग लागलेली सांगायची आणि तरी गावाला शिव्या द्यायच्या नाहीत, हे अवघड काम होतं.

पुढं ते रानावनात रमले. बंदूक घेऊन हिंडणारा शिकारी नंतर नुसता बघणारा झाला. वानरांच्या टोळ्यांवरच्या 'सत्तांतर'ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 'गदिमा' 1973 ला यवतमाळला अध्यक्ष होते, तर मूळ आटपाडीचेच शंकरराव खरात 1984 ला जळगावला. एका दुष्काळी तालुक्यानं संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. बागायती तालुक्यांनी याचा जरा विचार करावा.

अमोल पालेकरांनी 1995 मध्ये 'बनगरवाडी'वर चित्रपट काढला. 2001 मध्ये पुण्यात तात्या गेले.

आटपाडी आता पूर्वीची राहिली नाही. डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून आलं. त्या पट्ट्यातली पोरं सोन्या-चांदीच्या गलाई धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. मेंढरंही अजून आहेत. यंदा रानात एखादा वाडा उतरला की म्हाताऱ्या मेंढक्याला चहा द्या आणि गाव कुठलं ते विचारून बघा.