राष्ट्राध्यक्षांच्या पाठीतली गोळी आणि ग्रॅहम बेलचा मेटल डिटेक्टर

प्ले स्टोअरवर मेटल डिटेक्टर असं सर्च केलं की ढिगाने ॲप्स समोर येतात. एखादं टाका आणि फोन लोखंडी कपाटाजवळ न्या. आकडा झटकन वर जातो, फोन बीप करतो, भारी वाटतं. आता तोच फोन आईच्या सोन्याच्या बांगडीजवळ धरा. काहीच होत नाही! ॲप बिघडलेलं नाही. ते फोनमधल्या मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे होकायंत्राच्या सेन्सरवर चालतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं आणि लोखंड जवळ आलं की ते बदलतं, तेवढंच या सेन्सरला कळतं. सोनं, तांबं, पितळ, शिसं त्याला दिसतच नाही. (बऱ्याच स्वस्त फोनमध्ये हा सेन्सरही नसतो. तिथे हे ॲप काय दाखवत असेल, तुम्हीच ठरवा.)

शिसं ओळखायचं तर वेगळी युक्ती लागते. 1881 मध्ये ती युक्ती एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी वापरायचा प्रयत्न झाला, आणि करणारा होता अलेक्झांडर ग्रॅहम बेल. हो, टेलिफोनवाला. शाळेत आपण त्याचं एका ओळीचं चरित्र पाठ करतो, पण मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात रंजक भाग टेलिफोननंतरचा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेलचा जन्म 3 मार्च 1847 चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरातला. आजोबा आणि वडील दोघंही उच्चारशास्त्रातले. आईला ऐकू फार कमी यायचं. बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात बोलायचा, म्हणजे तिला कंपनं जाणवायची. दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेला हा एक मुलगा तरी जगावा म्हणून 1870 मध्ये आईवडील त्याला घेऊन कॅनडात आले. तिथून तो बोस्टनला गेला आणि कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. त्याची एक विद्यार्थिनी मेबेल हबर्ड, पुढे तीच त्याची बायको झाली. 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, एलिशा ग्रेचा वाद झाला. ते सगळं कुठेही वाचायला मिळेल, म्हणून पुढे जातो.

आपल्या कामाची गोष्ट 1877 ची आहे. लग्न झाल्यावर बेल जोडपं इंग्लंडला गेलं. तिथे टेलिफोनच्या तारा तारायंत्राच्या तारांशेजारून जात, आणि शेजारच्या तारेतली टकटक टेलिफोनमध्ये ऐकू यायची. एका तारेतला बदलता प्रवाह शेजारच्या तारेत प्रवाह निर्माण करतो, यालाच इंडक्शन म्हणतात. बेलला हा आवाज घालवायचा होता. दोन गुंडाळ्या अशा ठेवायच्या की दोन्हींचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकेल आणि कानात शांतता राहील, असे प्रयोग त्याने केले. ते करताना एक गोष्ट लक्षात आली: जवळ धातूचा तुकडा आणला की ही शांतता मोडते.

1879 मध्ये लंडनच्या डेव्हिड ह्यूज या संशोधकाने याच कल्पनेचं व्यवस्थित उपकरण बनवलं. त्याचं नाव इंडक्शन बॅलन्स. खरं नाणं आणि खोटं नाणं त्यातून आवाजावरून वेगळं ओळखता यायचं. म्हणजे आज सराफाकडे मशीनवर शुद्धता तपासतात, त्याचं हे फार जुनं भावंड म्हणा.

तत्त्व समजून घ्या, पुढे लागेल. एका गुंडाळीत बॅटरीचा तुटक-तुटक प्रवाह सोडायचा. दुसरी गुंडाळी टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडायची. दोन्हींची जागा अशी बसवायची की दुसरीत काहीच उमटणार नाही. आता जवळ कुठलाही धातू आला, अगदी शिसंसुद्धा, तर त्या धातूत छोटे भोवरे-प्रवाह फिरतात, तोल बिघडतो आणि रिसीव्हरमध्ये गुणगुण ऐकू येते. आजच्या बहुतेक हातातल्या डिटेक्टरचं मूळ तत्त्व हेच. फक्त कानाच्या जागी चिप आली.

व्हाइट हाउसमधली ती खोली

2 जुलै 1881. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटोने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक हाताला घासून गेली, दुसरी पाठीत घुसून आतच राहिली. एक्स-रेचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं आणि सळ्या घालून गोळी चाचपत होते, तीही न धुतलेली. जंतुनाशकाची पद्धत युरोपात रुजत होती, पण अमेरिकेतल्या अनेक डॉक्टरांचा तिच्यावर विश्वास नव्हता. मुख्य डॉक्टर होते विलार्ड ब्लिस, आणि गोळी उजवीकडे यकृताच्या बाजूला आहे हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं.

बेल तेव्हा 34 वर्षांचा. वर्षभर आधी मिळालेल्या फ्रान्सच्या व्होल्टा पारितोषिकाच्या 50,000 फ्रँकमधून त्याने वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा थाटली होती. बातमी वाचून त्याने मदतीची तयारी कळवली आणि सहकारी सम्नर टेंटरसोबत कामाला लागला. गोळी शोधणारं यंत्र बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. ह्यूजची रचना लंडनची, ती कागदावर माहीत होती, पण शरीरात खोलवर असलेल्या शिशासाठी ती पुरेशी नव्हती. बेलने गुंडाळ्या बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या, इतर शास्त्रज्ञांच्या सूचना घेतल्या, कंडेन्सर जोडला. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन आठवड्यांत प्रोटोटाइप प्रॉडक्शनला न्यायचा होता आणि युजर मरणाच्या दारात होता. कोंड्याच्या पोत्यात गोळी लपवून, मांसाच्या तुकड्यात गोळी घालून चाचण्या झाल्या. मग यादवी युद्धात लागलेली गोळी अजून अंगात असलेल्या जुन्या सैनिकांवर यंत्र फिरवलं. जमलं!

26 जुलैला यंत्र व्हाइट हाउसमध्ये आलं आणि नुसतं खरखरलं. नंतर कळलं की घाईत कंडेन्सर एकाच बाजूला जोडला गेला होता. दुरुस्त करून 1 ऑगस्टला पुन्हा प्रयत्न झाला. यावेळी फक्त उजव्या बाजूलाच फिरवू दिलं, कारण ब्लिस यांचा आग्रह. बेलला मंद आवाज ऐकू आला, पण एका ठिकाणी नाही, बऱ्याच मोठ्या भागावर. ब्लिस यांनी मात्र जाहीर करून टाकलं की त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

बेलला ते पटेना. दुसऱ्या दिवशी चौकशी केल्यावर समजलं की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे. तेव्हा अशा गाद्या नवीन होत्या. इंटरनेटवर ही गोष्ट इथेच संपवतात: गादीने घात केला. पण बेलने तशीच गादी मागवून प्रयोग केले आणि एकट्या गादीने तो आवाज पूर्ण समजावता येत नाही असं त्याला दिसलं. माझ्या मते मोठा दोष वेगळाच होता. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला, खूप खोल सापडली. यंत्राची पोहोच काही इंचांची, त्यात शोधायची बाजूच चुकीची दिलेली. चुकीच्या फोल्डरमध्ये सर्च केलं तर फाइल कशी सापडेल?

याच दिवसांत मेबेल मॅसॅच्युसेट्समध्ये होती आणि गरोदर होती. 15 ऑगस्टला त्यांचा मुलगा एडवर्ड वेळेआधी जन्मला, त्याला श्वास घेता आला नाही आणि तो काही तासांत गेला. बेल जवळ नव्हता. त्यानंतर त्याने छातीभोवती बसणारं, हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणारं एक जाकीट बनवलं. हे यंत्र त्याने कुणाला मनात ठेवून बनवलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

गारफिल्ड 19 सप्टेंबरला गेले. गोळीपेक्षा संसर्गाने गेले, असं आज बहुतेक मानतात. बेलने यंत्र सोडलं नाही. ऑगस्ट 1882 मध्ये माँट्रियलच्या वैज्ञानिक सभेत त्याने सगळे प्रयोग, फसलेल्यांसकट, मांडले. पुढे सुई गोळीला टेकली की रिसीव्हरमध्ये टिक वाजणारी टेलिफोनिक प्रोब तयार केली. एक्स-रे येईपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ शल्यविशारदांनी ती वापरली.

तेच यंत्र, वेगळी जमीन

प्रयोगशाळेत गुणगुणणारं यंत्र दुसऱ्या खोलीत गोंधळतं, ही अडचण आजही आहे. फक्त खोलीच्या जागी देश आले. डिटेक्टर धातूसोबत आजूबाजूचं सगळं ऐकतो. ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या पट्ट्यात माती लोहयुक्त, साधा डिटेक्टर तिथे सतत किरकिरतो. म्हणून 1985 मध्ये ॲडलेडला सुरू झालेल्या मिनलॅब कंपनीने पल्स तंत्राचे वेगळे मॉडेल काढले. अमेरिकेच्या गॅरेटने एस 250 हे मॉडेल 6.5 किलोहर्ट्झवर दिलं, पडद्यावर अमेरिकी नाण्यांच्या खुणा. युरोपसाठी मात्र युरोएस हे वेगळं मॉडेल, 8.25 किलोहर्ट्झचं. तिथे शेतात गंजलेलं लोखंड भरपूर आणि मध्ययुगीन चांदीची नाणी कागदासारखी पातळ. फ्रिक्वेन्सी वाढवली की असं बारीक पकडायला सोपं जातं. त्यामुळे परदेशातला नातेवाईक एखादं मॉडेल आणून देत असेल तर आधी ते कुठल्या बाजारासाठी बनलंय ते बघा.

महाराष्ट्रात तर आणखी गंमत आहे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. यूट्यूबवर इंग्लंडच्या शेतात सुंदर चालणारा डिटेक्टर सह्याद्रीच्या मातीवर खोटे बीप देऊ शकतो, ग्राउंड बॅलन्स नीट जमेपर्यंत. आणि तो घेऊन किल्ल्यावर जायचा विचार असेल तर थांबा. संरक्षित स्मारकात खणणं 1958 च्या कायद्याने बंद आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तो कायदा 1878 चा. म्हणजे बेलच्या यंत्राच्याही आधीचा. ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने हा छंद चालतो, म्हणून तिथे दुकानं आणि मॉडेल्स भरपूर. आपल्याकडे दिसतात ते मुख्यतः मॉल आणि स्टेशनवरचे दरवाजे आणि गार्डच्या हातातल्या काठ्या.

बेलचं पुढचं आयुष्य भरगच्च होतं. विमानं, पाण्यावरून उडाल्यासारखी धावणारी बोट, नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचं अध्यक्षपद. कर्णबधिरांना खुणांच्या भाषेऐवजी फक्त बोलायला शिकवावं हा त्याचा आग्रह मात्र त्या समाजात आजही खुपतो, आणि बरोबरच आहे. 2 ऑगस्ट 1922 ला कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया इथल्या घरी तो गेला. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते.