मिल्टन हर्शी

मिल्टन स्नेव्हली हर्शी (१३ सप्टेंबर १८५७ – १३ ऑक्टोबर १९४५) हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील चॉकलेट उत्पादक, नगरसंस्थापक आणि दानशूर उद्योजक होते. दुधाचे चॉकलेट सामान्य अमेरिकन माणसाच्या खिशाला परवडेल अशा दरात विकणारे पहिले मोठे कारखानदार म्हणून ते ओळखले जातात. तथापि त्यांच्या चरित्रातील अधिक महत्त्वाची घटना म्हणजे १९१८ साली त्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती अनाथ मुलांच्या शाळेच्या नावे केली, ही होय. हे दान त्यांनी हयातीत केले आणि पुढे पाच वर्षे त्याची वाच्यताही होऊ दिली नाही.

बालपण

हर्शी यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील डेरी टाउनशिप येथील एका शेतघरात झाला. घराणे मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे होते आणि त्या परिसरात जर्मन वळणाची बोली बोलली जात असे. वडील हेन्री हर्शी वाचनाची आवड असलेले, पण सतत नव्या कल्पनांमागे धावणारे गृहस्थ होते. एक धंदा बुडाला की दुसरा सुरू करावा, गाव सोडून नव्या गावी जावे, असा त्यांचा क्रम होता. आई फॅनी या काटकसरी, कष्टाळू आणि व्यवहारी होत्या. मिल्टन यांची धाकटी बहीण १८६७ मध्ये लालज्वराने दगावली. त्यानंतर आई-वडिलांमधील अंतर वाढत गेले व पुढे ते विभक्त राहू लागले. वडिलांचे धाडस आणि आईची चिकाटी हे दोन्ही गुण मुलात उतरले, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार मानतात. वडिलांचे अपयशही काही काळ वारशाने आले, असे पुढील पंधरा वर्षांचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

वारंवारच्या स्थलांतरामुळे मिल्टन यांना अनेक शाळा बदलाव्या लागल्या आणि त्यांचे औपचारिक शिक्षण चौथ्या इयत्तेपलीकडे गेले नाही. वडिलांच्या इच्छेने ते एका जर्मन-इंग्रजी वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारीला राहिले. तेथे यंत्रात टोपी पडल्याच्या कारणावरून त्यांना काढून टाकण्यात आले. मग आईने त्यांना लँकेस्टर येथील जोसेफ रॉयर यांच्या मिठाईच्या दुकानात ठेवले. सुमारे चार वर्षे त्यांनी तेथे साखरेचा पाक, त्याचा कस आणि आचेचे प्रमाण यांचे शिक्षण घेतले. हे ज्ञान वहीत उतरवून घेण्यासारखे नव्हते. हाताने व डोळ्यांनीच ते शिकावे लागे. पुढे कारखान्याचे मालक झाल्यावरही हर्शी स्वतः कढईजवळ उभे राहून प्रयोग करीत, त्याचे मूळ या उमेदवारीत आहे.

अपयशाची वर्षे

१८७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले असताना, अठरा वर्षांच्या हर्शींनी त्या शहरात स्वतःचे दुकान थाटले. भांडवल आईच्या माहेरच्या मंडळींनी दिले. मावशी मॅटी स्नेव्हली आणि आई दोघी दुकानात येऊन गोळ्यांना कागद गुंडाळण्याचे काम करीत. सहा वर्षांच्या मेहनतीनंतर १८८२ मध्ये दुकान कर्जात बुडाले.

त्यानंतर ते वडिलांच्या पाठोपाठ कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे गेले. तेथील एका मिठाईवाल्याकडे नोकरी करताना कॅरमेलमध्ये ताजे दूध घातल्यास ते मऊ होते आणि अधिक काळ टिकते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. पुढे न्यूयॉर्कमध्ये काढलेले दुकानही तीन वर्षांत बंद पडले आणि १८८६ साली ते जवळजवळ रिकाम्या हाताने लँकेस्टरला परतले. आता नातलगांपैकी बहुतेकांनी पैसे देण्यास नकार दिला. जुने सहकारी हॅरी लेबकिकर यांनी मात्र त्यांना आसरा दिला व आर्थिक मदतही केली.

दुधाच्या कॅरमेलवर उभारलेला हा तिसरा प्रयत्न यशस्वी ठरला. एका इंग्रज व्यापाऱ्याने मोठी मागणी नोंदवली. ती पुरी करण्यासाठी बँकेचे कर्ज मिळाले आणि परतफेडीची मुदत संपत असतानाच इंग्लंडहून पैसे आले. लँकेस्टर कॅरमेल कंपनीत १८९० च्या दशकात हजारांहून अधिक कामगार होते. चाळिशी गाठण्यापूर्वीच हर्शी यांची गणना गावातील धनिकांत होऊ लागली.

चॉकलेटकडे वळण

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ड्रेस्डेनच्या लेमान कंपनीची चॉकलेट बनवण्याची यंत्रे मांडली होती. हर्शी यांनी ती विकत घेऊन लँकेस्टरला आणली आणि १८९४ मध्ये कॅरमेल कंपनीची शाखा म्हणून हर्शी चॉकलेट कंपनी सुरू केली. १९०० साली त्यांनी कॅरमेलचा धंदा १० लाख डॉलरना विकला. चॉकलेटची यंत्रे व हक्क मात्र स्वतःकडे राखले. तेजीत चाललेला धंदा विकण्याच्या या निर्णयाचे परिचितांना नवल वाटले.

दुधाचे चॉकलेट स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास तयार केले होते. पण ती कृती स्विस कारखानदार गुप्त ठेवीत. अडचण अशी की दुधात पाणी असते आणि कोकोत स्निग्धांश. ही दोन्ही सहजासहजी एकजीव होत नाहीत, शिवाय दूध करपते किंवा नासते. हर्शी यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनोन्महिने चुकत-चुकत प्रयोग केले. शेवटी साय काढलेले दूध साखरेसह निर्वात पात्रात मंद आचेवर आटवण्याची पद्धत हाती लागली. या पद्धतीत दुधातील स्निग्धांशाचे किंचित विघटन होऊन चॉकलेटला एक आंबूस छटा येते. युरोपीय लोकांना ती आजही खटकते, तर अमेरिकेतील पिढ्यान्‌पिढ्यांना तीच चॉकलेटची खरी चव वाटत आली आहे.

पाच सेंट किमतीची हर्शी वडी १९०० साली बाजारात आली. ही किंमत १९६९ पर्यंत बदलली नाही. अर्थात मधल्या काळात वडीचे वजन कमी-जास्त होत राहिले, हे सांगायला हवे.

हर्शी गाव

नवा कारखाना कोठे उभारावा, याचा विचार करताना हर्शी यांनी मोठ्या शहराऐवजी आपले जन्मस्थान निवडले. तेथे दुभती जनावरे, चांगले पाणी, कष्टाळू मनुष्यबळ आणि रेल्वेमार्ग होता. १९०३ साली डेरी टाउनशिपच्या शेतांत बांधकाम सुरू होऊन १९०५ मध्ये कारखाना पूर्ण झाला. त्याच्या भोवती कामगारांसाठी घरे, शाळा, बँक, ट्रामगाडी आणि १९०७ साली उद्यान उभे राहिले. मुख्य रस्त्यांना चॉकलेट आणि कोको अशी नावे देण्यात आली, तर इतर काही रस्त्यांना जावा, सिलोन, कॅराकस, त्रिनिदाद अशी कोको पिकवणाऱ्या प्रदेशांची. कारखानदारांच्या वसाहतींत सामान्यतः एकसारख्या चाळी असत. येथे घरांचे नमुने वेगवेगळे ठेवले गेले आणि कामगारांना ती विकत घेता येत.

या सुखसोयींची दुसरी बाजूही होती. गावाला स्वतःची निवडून दिलेली नगरपालिका नव्हती. बँक, दुकान, वाहतूक, करमणूक सर्व एकाच मालकाच्या हाती होते आणि कामगारांच्या खासगी वागणुकीवरही मालकाची नजर असे. हर्शी स्वभावाने उदार असले तरी आपल्या औदार्याचे स्वरूप काय असावे, हे ते स्वतःच ठरवीत. या मनोवृत्तीची किंमत पुढे १९३७ मध्ये चुकवावी लागली.

विवाह आणि शाळेची स्थापना

२५ मे १८९८ रोजी हर्शी यांचा विवाह न्यूयॉर्कमधील सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये जेम्सटाउनच्या कॅथरीन (किटी) स्वीनी यांच्याशी झाला. त्या आयरिश कॅथलिक होत्या. मेनोनाइट सासूबाईंना ही सून फारशी रुचली नाही. दांपत्याला अपत्य झाले नाही आणि किटी यांना मज्जासंस्थेचा दीर्घ आजार जडला. अनाथ मुलांसाठी काही करावे, ही कल्पना मुख्यतः किटी यांची होती, असे हर्शी पुढे सांगत असत.

१५ नोव्हेंबर १९०९ रोजी पती-पत्नींनी न्यासपत्रावर सह्या करून हर्शी इंडस्ट्रियल स्कूलची स्थापना केली व ४८६ एकर जमीन तिला दिली. १९१० मध्ये पहिली मुले दाखल झाली. ज्या शेतघरात हर्शी जन्मले होते, तेथेच त्यांची राहण्याची सोय करण्यात आली. मुलांना मोठ्या वसतिगृहात न ठेवता गृहपती-गृहिणींच्या देखरेखीखाली लहान घरांत ठेवावे, शिक्षणाबरोबर एखादा हातचा धंदा शिकवावा, अशी योजना होती. पुढे शाळेच्या गोठ्यांत पहाटे व सायंकाळी दूध काढणे हा विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला आणि १९८९ पर्यंत तो चालू राहिला. हर्शी यांना स्वतःला जे बालपण लाभले नाही, ते या योजनेत दिसते: एक स्थिर घर आणि एकच शाळा.

मूळ न्यासपत्रानुसार प्रवेश केवळ गोऱ्या अनाथ मुलग्यांना होता. त्या काळच्या अमेरिकेत अशी अट असामान्य नव्हती, तरीही या दानाच्या इतिहासात ती झाकून ठेवण्यासारखी नाही. ती बदलण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. १९६८ मध्ये इतर वर्णांच्या मुलांना आणि १९७० च्या दशकात मुलींना प्रवेश मिळू लागला.

२५ मार्च १९१५ रोजी किटी यांचे निधन झाले. हर्शी यांनी पुन्हा विवाह केला नाही. १३ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे पहिले महायुद्ध थांबल्यानंतर दोनच दिवसांनी, त्यांनी चॉकलेट कंपनीच्या समभागांसह सुमारे ६ कोटी डॉलरची मालमत्ता शाळेच्या न्यासाकडे वर्ग केली. वृत्तपत्रांना याचा पत्ता १९२३ मध्ये लागला. या व्यवहाराचे वैशिष्ट्य समजून घेण्याजोगे आहे. हर्शी यांनी नफ्यातून देणगी न देता कंपनीची मालकीच शाळेला दिली आणि न्यासाने मूळ धनाला हात न लावता केवळ उत्पन्न खर्च करावे, अशी अट घातली. त्यामुळे चॉकलेटच्या प्रत्येक वडीचा लाभ पोहोचत राहिला तो अनाथ मुलांपर्यंत.

क्यूबा आणि कर्जाचे संकट

साखरेचा पुरवठा खात्रीचा व्हावा म्हणून १९१६ पासून हर्शी यांनी क्यूबात जमिनी घेतल्या, साखर कारखाना व गाव वसवले आणि हवाना ते मातान्झास अशी विजेवरील रेल्वे उभारली. तेथेही त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली. मात्र १९२० मध्ये साखरेचे भाव कोसळले. वायद्याच्या व्यवहारांत मोठे नुकसान होऊन त्यांना न्यूयॉर्कच्या एका बँकेकडे मालमत्ता गहाण टाकावी लागली. चॉकलेटच्या विक्रीच्या बळावर दोन वर्षांत हे कर्ज फिटले. पुढे १९२७ मध्ये कंपनीची पुनर्रचना करून तिचे समभाग बाजारात आणण्यात आले, पण बहुसंख्य हिस्सा न्यासाकडेच राहिला.

महामंदी आणि संप

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील कारखाने कामगारांना घरी पाठवीत असताना हर्शी यांनी गावात बांधकामांचा धडाका लावला. साहित्य आणि मजुरी दोन्ही स्वस्त होती व लोकांना कामाची गरज होती. समाजभवन, १९३३ मध्ये उघडलेले टेकडीवरचे हॉटेल, शाळेची मोठी इमारत, १९३६ मधील क्रीडागृह आणि नंतरचे मैदान ही सर्व याच काळातील कामे. (खांबांविना उभ्या असलेल्या काँक्रीटच्या छतामुळे हे क्रीडागृह स्थापत्याच्या इतिहासात गणले जाते. १९६२ साली विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूने एका सामन्यात १०० गुण मिळवले, तेही येथेच.) यंत्र वापरल्याने माणसांचे काम जाते असे कळताच हर्शी यांनी ते यंत्र हटवायला लावले, अशी एक कथा गावात सांगितली जाते.

असे असूनही एप्रिल १९३७ मध्ये कारखान्यात संप झाला. आपल्या श्रमाचे पैसे इमारतींत जात आहेत आणि वेतन, कामाचे तास व बढत्यांबाबत आपल्याला विचारले जात नाही, अशी अनेक कामगारांची भावना होती. नव्या संघटनेच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. दूध घेणे बंद झाल्याने परिसरातील शेतकऱ्यांचे नुकसान होऊ लागले. ७ एप्रिल रोजी शेतकरी व संपविरोधी कामगारांचा जमाव आत घुसला आणि संपकऱ्यांना मारहाण करून बाहेर काढण्यात आले. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या हर्शींना या प्रसंगाने मोठा धक्का बसला. पुढे दुसऱ्या एका संघटनेशी कंपनीने रीतसर करार केला.

अखेरची वर्षे

१९३० मध्ये त्यांनी आपला वाडा क्लबला दिला व वरच्या मजल्यावरील खोल्यांत स्वतः राहू लागले. १९३५ साली स्थापलेल्या वेगळ्या प्रतिष्ठानाच्या मदतीने १९३८ पासून स्थानिक रहिवाशांना विनाशुल्क महाविद्यालयीन शिक्षण मिळू लागले. प्रयोगांची हौसही कायम होती. बीट, गाजर व सेलरी यांचे सरबती बर्फ बनवण्याचे त्यांचे प्रयत्न सहकाऱ्यांना मुकाट्याने चाखावे लागत. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सैन्यासाठी ६०० कॅलरींची, उष्णतेत न वितळणारी शिध्याची वडी बनवली. सैनिकांनी चैन म्हणून ती आधीच खाऊन टाकू नये, यासाठी तिची चव मुद्दाम बेताची ठेवण्याची सूचना सैन्याकडून आली होती.

१३ ऑक्टोबर १९४५ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी हर्शी यांचे निधन झाले. हर्शी येथील दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले.

नंतरचा काळ

१९५१ मध्ये शाळेचे नाव मिल्टन हर्शी स्कूल असे झाले. न्यासाचे उत्पन्न शाळेच्या गरजेपेक्षा इतके वाढले की १९६३ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने ५ कोटी डॉलर देऊन हर्शी येथे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय स्थापन करण्यात आले. २००२ साली विश्वस्तांनी कंपनी विकण्याचे ठरवले, तेव्हा रहिवासी, कामगार आणि शाळेचे माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. राज्याच्या महाधिवक्त्यांनीही न्यायालयात धाव घेतली आणि विश्वस्तांना विक्री रद्द करावी लागली. आज शाळेत सुमारे २,००० मुलेमुली निवास, भोजन, वैद्यकीय सेवा व शिक्षण यांसह विनामूल्य राहतात. प्रवेशासाठी आता अनाथ असण्याची अट नसून कुटुंबाचे उत्पन्न कमी असणे पुरेसे आहे. हर्शी गावाला मात्र अद्याप स्वतंत्र नगरपालिका नाही; प्रशासकीयदृष्ट्या ते डेरी टाउनशिपचाच भाग आहे.