कै. त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी

बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी अकोला व भुसावळ मागे टाकून जळगावाकडे निघाली म्हणजे वाटेत भादली नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. बहुतेक उतारूंचे तिकडे लक्षही जात नाही. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी ‘औदुंबर’ किंवा ‘फुलराणी’ पाठ केली असेल, त्यांनी तेथे क्षणभर खिडकीबाहेर पाहावे असे आम्हांस वाटते. त्या कवितांच्या कर्त्याची जीवनयात्रा त्याच ठिकाणी संपली.

त्र्यंबक ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात असल्यामुळे बिऱ्हाड वरचेवर हलत असे व त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची घडी कधीच नीट बसली नाही. पुढे १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे या कोवळ्या मुलाने म्हटलेली कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि हेच नाव पुढे महाराष्ट्राच्या तोंडी बसले.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी या मुलाचे गुण ओळखून त्यास अहमदनगरास आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. धर्म निराळा, रक्ताचे नाते नाही. तथापि त्या ख्रिस्ती घरात या ब्राह्मण मुलास मायेची उणीव भासली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

बालकवींना सौंदर्याचे वेड होते. हिरवळीवरील एका इवल्याशा कळीचे लग्न त्यांनी सूर्यकिरणाशी लावून दिले व सारी सृष्टी वऱ्हाडी म्हणून बोलाविली. ‘औदुंबर’ तर अवघ्या आठ ओळींची. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते झाड पाण्यात पाय सोडून बसलेले कायमचे राहते. परंतु जो डोळा फुलाचे उमलणे इतके बारकाईने पाहतो, त्यास त्याचे कोमेजणेही चुकत नाही. हाच कवी पुढे पडक्या धर्मशाळेवर एकट्या बसलेल्या पारव्याचे गाणे लिहितो. संसारात स्वास्थ्य नव्हते, मनास उदासीनता ग्रासीत असे, आणि ज्या सौंदर्याचा ध्यास घेतला ते हाती येऊनही टिकत नसे.

५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रूळ ओलांडीत असता गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वयास अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढच्याच वर्षी, मे महिन्यातच, रेव्हरंड टिळकही देवाघरी गेले.

स्तोत्रकर्त्याने मनुष्याच्या आयुष्यास रानफुलाची उपमा दिली आहे. वारा वाहतो आणि फूल नाहीसे होते. बालकवींच्या चरित्रात ती अक्षरशः खरी ठरली. म्हणून सौंदर्यावर प्रेमच करू नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. फूल सुकणारच आहे, म्हणून ते आजच नीट पाहावे. मात्र जे सुकत नाही त्यावर मनाचा भार ठेवावा. बालकवींच्या दहा-बारा वर्षांच्या काव्यजीवनातून ज्या दीडशेच्या आसपास कविता मागे राहिल्या, त्या आजही मुले आनंदाने म्हणतात.

जाता जाता एक साधी सूचना. आपले गाव रुळांच्या दोहों बाजूंस वसलेले आहे. मुलांनो, फुले, पाखरे, ढग अवश्य पाहा. पण रूळ ओलांडताना मात्र गाडीकडे पाहा. घरी तुमची वाट पाहणारे कोणी आहे, हे क्षणभरही विसरू नका.