आजचे मनन: नासपतीचं झाड (नीतिसूत्रे १:१०-१९)

आजच्या वचनात बाप मुलाला बजावतो की पापी लोक भुलवायला आले तरी त्यांच्यासोबत जायचं नाही. हे वाचलं की मला ऑगस्टीन आठवतो.

जन्म इ. स. ३५४, उत्तर आफ्रिकेतलं थागास्टे, म्हणजे आजचं अल्जेरिया. आई मोनिका प्रार्थनाशील. सोळाव्या वर्षी त्याचं शिक्षण थांबलं, कारण कार्थेजला पाठवायला वडील पैसे जमवत होते. हाताशी रिकामा वेळ आणि सोबत मित्रांची टोळी. पोरं आपल्या पापांच्या बढाया मारायची, आणि कमी पडू नये म्हणून ऑगस्टीन न केलेली पापंही केली म्हणून सांगायचा. (हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.)

एका रात्री या टोळीने शेजारचं नासपतीचं झाड हलवून सगळी फळं लांबवली. ती ना दिसायला बरी, ना चवीला. घरी याहून चांगली होती! थोडी चाखली, बाकी डुकरांपुढे टाकली.

पुढे हिप्पोचा बिशप झाल्यावर 'कन्फेशन्स'मध्ये त्याने या चोरीवर पानंच्या पानं लिहिली. काहींना हे अति वाटतं, मला नाही. सिस्टिम बंद पडली की आम्ही सॉफ्टवेअरवाले मूळ कारण शोधतो, तोही तेच करतो. भूक नव्हती, गरज नव्हती, मग का? पुन्हा पुन्हा तो एकाच जागी येतो: एकटा असता तर हे केलंच नसतं. कुणीतरी चल म्हटलं, आणि मागे राहायची लाज वाटली.

त्याचा जिवलग मित्र अलिपियस रोमला कायदा शिकत होता. ग्लॅडिएटरांचे खेळ त्याला नकोसे वाटायचे, पण मित्रांनी ओढून नेलं. तो डोळे मिटून बसला. कान मात्र उघडेच होते. गर्दी ओरडली, डोळे उघडले, आणि नंतर तर तो स्वतःच इतरांना तिथे न्यायला लागला. ग्रुप म्यूट करून ग्रुपमध्येच राहणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

३८६ साली मिलानच्या बागेत ऑगस्टीन रडत होता. उठून तो अलिपियसजवळ आला, तिथे ठेवलेली पौलाची पत्रं उघडली आणि वाचली. अलिपियसने त्याच्यापुढचं वचन वाचलं आणि ते स्वतःसाठीच आहे असं मानलं. मग दोघे आत मोनिकाला सांगायला गेले. पुढच्या ईस्टरला, बिशप अँब्रोजच्या हातून, दोघांचा बाप्तिस्मा सोबतच झाला.