विश्लेषण : टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्त सांगणारे रेव्हरंड टिळक कोण होते?

टिळक म्हटले की पहिली आठवण लोकमान्यांची होते. मात्र मराठीत आणखी एक टिळक होऊन गेले. शाळेच्या पुस्तकातील ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेमुळे ते अनेकांना ठाऊक आहेत. नारायण वामन टिळक म्हणजेच रेव्हरंड टिळक. चित्पावन ब्राह्मण घरात जन्मलेल्या या कवीने वयाच्या तिशीत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि उरलेले आयुष्य तो मराठी माणसाला मराठीतच सांगण्यात घालवले. त्यासाठी त्यांनी कोणती वाट निवडली आणि त्याची किंमत कोणी मोजली?

सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे टिळकांचा जन्म झाला. आई जानकीबाई भाविक, तर वडील तापट. आई लवकर गेली आणि मुलाचे घरातून लक्ष उडाले. नाशिकला येऊन त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या.

टिळकांचा स्वभाव एका जागी टिकणारा नव्हता. आज या गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार, असा त्यांचा संसार चालला. पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. जातिभेद नसलेला, सर्वांना एकत्र आणणारा धर्म असावा, हा विचार याच काळात त्यांच्या डोक्यात घोळत होता.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने जागा करून दिली आणि दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. आधी विषय निघाला काव्याचा, मग धर्माचा. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ भेट दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरीही पुस्तक वाचण्याचा शब्द दिलेला असल्याने त्यांनी वाचायला घेतले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन येईपर्यंत ते चिकित्सा करत वाचत होते. तिथे मात्र ते थबकले. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या मनाला भिडली. कोणतीही सभा किंवा वादविवाद न होता, एका सहप्रवाशाच्या साध्या वागण्यातून हे बीज पडले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी मुद्दाम भारतीय पाळक तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला.

घरावर काय परिणाम झाला?

बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंवर वीज कोसळावी तशी कोसळली. पदरात लहानगा दत्तू, माहेर कमालीचे सोवळे आणि नवरा जातीबाहेर गेलेला. त्या काळात याचा अर्थ नवरा जिवंत असून नसल्यासारखा. सुमारे साडेचार वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. या काळातला काही मुक्काम लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला.

पुढे त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) टिळकांकडे आल्या, त्या स्वतःचा धर्म सांभाळूनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे आणि सोवळे कायम होते. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. जातीचे नियम माणसाने केलेले आहेत, हे लक्ष्मीबाईंना हळूहळू त्यांच्याच विचाराने पटत गेले. १९०० मध्ये, दुष्काळाच्या त्या वर्षी, राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिला. आज ते मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते.

टिळकांची पद्धत वेगळी का ठरली?

त्या काळी मराठी चर्चमध्ये गायली जाणारी अनेक गीते इंग्रजीतून उतरवलेली होती आणि त्यांच्या चालीही परक्या होत्या. धर्म बदलला की माणूस आपल्या समाजापासून तुटतो, हे टिळक स्वतः भोगत होते. ख्रिस्त परदेशी कपड्यांत आला तर मराठी माणूस त्याला ओळखणार कसा, हा त्यांचा मूळ प्रश्न होता.

त्याचे उत्तर त्यांना वारकरी परंपरेत सापडले. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची धारणा होती. अभंग, ओवी, भजन या ओळखीच्या रूपांत त्यांनी शंभराहून अधिक भक्तिगीते रचली. अहमदनगरात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया कृष्णराव सांगळे यांनी आधीच घातला होता. टिळकांनी आपल्या काव्याने त्याला बळ दिले. टाळ-मृदंग तेच, रंगून जाणारे श्रोतेही तसेच, फक्त आख्यान येशूचे.

१९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते १९१२ पासून अखेरपर्यंत संपादक होते. ख्रिस्ती झाल्याने देशप्रेम कमी होत नाही, हे ते लेखणीतून सतत मांडत राहिले.

बालकवींशी त्यांचे नाते काय होते?

१९०७ मध्ये जळगावला झालेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा मुलगा चमकला. तोच पुढे बालकवी म्हणून ओळखला गेला. काही काळ तो अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, तरी त्यांच्यावरची माया आटली नाही. या घरात श्रद्धा सांगितली जात होती ती आधी ताटात वाढून, मग शब्दांत.

‘देवाचा दरबार’ ही कल्पना काय होती?

मिशनची नोकरी आणि पगार यांमुळे भारतीय चर्च परावलंबी राहते, असे टिळकांना वाटू लागले होते. १९१७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकत होता, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. चर्चच्या चौकटीत हा विचार धाडसी होता. येशूचा शिष्य होण्यासाठी आपला समाज सोडावाच लागतो का, असा प्रश्न त्यातून उभा राहत होता. स्वतः तो सोडावा लागलेल्या माणसाने तो विचारला होता, हे विशेष.

प्रयोग मूळ धरण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.

मागे काय उरले?

दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच होते. सुरुवातीचे काही अध्याय टिळकांचे आहेत. त्यांना ६० हून अधिक अध्यायांची जोड दिली ती लक्ष्मीबाईंनी. ज्या बाप्तिस्म्याच्या बातमीने त्यांचा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेची कथा त्यांनी नवऱ्यामागे पुढे नेली.

टिळकांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.