फ्रान्सिस्को वरेला : शरीरातल्या जाळ्याचा शोध घेणारा बौद्ध वैज्ञानिक

परभणीत आमच्या वस्तीतल्या एका दादांना त्यांच्या बहिणीने किडनी दिली. मागच्या वर्षी कुणीतरी त्यांच्या गळ्यात इम्युनिटी वाढवणाऱ्या चूर्णाचा डबा मारला. शक्ती वाढली तर चांगलंच, असं समजून ते डबा घेऊन विहारातल्या अभ्यासवर्गाला आले. खरं तर प्रत्यारोपण झालेला माणूस रोज गोळ्या घेतो त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला. ती उसळली तर बहिणीचीच किडनी शरीर नाकारू शकतं. त्यांना आधी डॉक्टरांना विचारायला लावलं, आणि मग वर्गात वरेला यांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितेय.

फ्रान्सिस्को वरेला यांचा जन्म 1946 चा, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातला. किड्यांच्या डोळ्यांवर अभ्यास करून 1970 मध्ये त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत राहता आलं असतं, पण ते मायदेशी परतले. तिथे त्याच सुमारास आयेंदे यांचं समाजवादी सरकार निवडून आलं. आपले गुरू माटुराना यांच्याबरोबर त्यांनी जिवंत असणं म्हणजे काय, हा प्रश्न हाती घेतला. त्यांचं उत्तर असं : पेशी स्वतःला लागणारे घटक सतत स्वतःच घडवत राहते, ही घडण थांबली की जीव संपला. सप्टेंबर 1973 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि वरेलांना कुटुंबासह देश सोडावा लागला.

परागंदा असतानाच अमेरिकेत त्यांची तिबेटी गुरू चोग्याम त्रुंग्पा यांच्याशी गाठ पडली आणि ते धम्माकडे वळले. या गुरूंच्या वागण्यावर गंभीर आक्षेप आहेत, ते झाकायचं कारण नाही. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या आपल्याला तो कर्मकांडी मार्ग परकाही वाटेल. पण वरेलांनी ध्यानाला बसूनही प्रयोगशाळा सोडली नाही.

1980 च्या दशकात ते पॅरिसला स्थायिक झाले आणि अंतोनियो कुतिन्यो यांच्याबरोबर प्रतिकारशक्तीवर काम करू लागले. शाळेच्या पुस्तकात आपण पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक असं शिकलो. बाहेरून शत्रू आला की लढायचं, एरवी बराकीत. नील्स येर्ने यांनी 1974 मध्ये या चित्राला धक्का दिला होता. प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, विशिष्ट आकार असतो. जंतूचा आकार ओळखता येतो, तसा एका प्रतिपिंडाचा आकार दुसरं प्रतिपिंडही ओळखू शकतं. दुसऱ्याला तिसरं. म्हणजे जंतू नसतानाही हे जाळं आपापसात हलतं असतं. एक वाढलं की त्याला जोडलेली दुसरी त्याला आवर घालतात. वरेला आणि कुतिन्यो यांनी इथून पुढे जाऊन विचारलं, की या यंत्रणेचं मुख्य काम युद्ध आहे तरी का? जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्येही काही प्रकारचे प्रतिपिंड जवळपास नेहमीइतके सापडतात. शत्रू नाही, तरी हालचाल आहे. शरीराची ओळख राखणं हेच मूळ काम आणि जंतूंशी लढणं हा त्याचा एक भाग, असं त्यांचं म्हणणं होतं. या जाळ्याला सेनापती नाही. हुकूम देणारी एक पेशी कुठे सापडत नाही.

येर्ने यांच्या सिद्धान्ताचे सगळे तपशील पुढे टिकले नाहीत, हेही सांगायला हवं. आवर घालण्याचं मोठं काम नियामक टी-पेशी करतात, हे आता पक्कं झालंय; त्या शोधासाठी 2025 चं नोबेल मिळालं. आवर सुटला की शरीर स्वतःवरच उठतं : सांध्यांवर उठलं तर संधिवाताचा एक प्रकार, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलं तर लहान वयातला मधुमेह. म्हणून नुसती शक्ती वाढवा हा सल्ला अर्धवट आहे.

वरेलांना या जाळ्यात अनात्म दिसला. मालक नाही, तरी व्यवस्था आहे. पण बुद्धांना इम्युनॉलॉजी आधीच ठाऊक होती असं ते म्हणाले नाहीत. (आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर असले दावे रोज फिरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.) उलट ध्यानाचा परिणाम प्रयोगशाळेत तपासावा, असा त्यांचा आग्रह. 1987 मध्ये धरमशालेला दलाई लामा आणि वैज्ञानिक यांच्यातला पहिला संवाद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता.

मग हा प्रश्न त्यांच्याच पोटात आला. हिपॅटायटिस सी ने यकृत निकामी झालं आणि 1998 मध्ये एका अनोळखी मृत दात्याचं यकृत त्यांना बसवलं. ज्या जाळ्याचा अभ्यास केला, तेच जाळं आता गोळ्यांनी दाबून ठेवायचं होतं. जास्त दाबलं तर जंतुसंसर्ग, कमी दाबलं तर नवं यकृत नाकारलं जाण्याची भीती. या काळातही ते लिहीत राहिले. दुसऱ्याचा अवयव आपल्या आत असतो तेव्हा आपलं शरीर कुठे संपतं, यावर त्यांनी एक लेख लिहिला. 28 मे 2001 रोजी पॅरिसमध्ये ते गेले. वय 54.

दादांचा चूर्णाचा डबा अजून विहाराच्या कपाटात पडून आहे. गोळ्या मात्र रोज वेळेवर चालू आहेत.