राखेचा शब्द आणि नायट्रोजनचं भांडं : मणिभाई देसाई

निपाणी-चिकोडीकडं गाय माजावर आली की आता वळू शोधत फिरावं लागत नाही. फोन लावला की मोटारसायकलवरून नायट्रोजनचं भांडं घेऊन माणूस गोठ्यात येतो. ही सोय गरिबाच्या दारात नेणाऱ्यांत मणिभाई देसाईंचं नाव फार वरचं.

जन्म 1920 चा, सुरत जिल्ह्यातला. बेचाळीसच्या चळवळीत ते उतरले. 1946 मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. आपली राखही इथंच पडेल, असा शब्द गांधीजींना देऊन हा गुजराती तरुण मराठी खेड्यात राहिला, तो कायमचाच.

आश्रमात त्यांनी गीर गाई जोपासल्या. पण शेतकऱ्याच्या दारची गाय वासरापुरतंही दूध देत नसेल तर नुसत्या पूजेनं काय होणार? 1967 मध्ये त्यांनी ‘बायफ’ उभी केली. होल्स्टीन, जर्सी वळूंचं रेत उणे 196 अंशांवर गोठवायचं आणि गावठी गाय दारातच भरवायची. (गाईत हे जमतं, डुकराचं रेत आणि चरबीनं भरलेला भ्रूण गारठ्याला फार हळवे, म्हणून तिथं प्रयोगशाळा अजून झगडतात.)

गांधींच्या माणसानं विदेशी वळू आणावेत, हे पचायला जडच. संकरित गाईला आपलं ऊन सोसत नाही, वैरणही जादा लागते. खिलार पाळणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हे. पण दुधाच्या पैशावर घरं उभी राहिली, हेही तितकंच खरं.

1982 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1993 मध्ये ते गेले, तेव्हाही पत्ता उरुळी कांचनचाच होता.